सातवा वाटा

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळेला एकाच प्रश्नापायी. मजुरी कशी ठरते, असा तो प्रश्न. पहिल्या खेपेला शंभरात एकोणतीस पडले, दुसऱ्या खेपेला एकतीस. आधी उद्यमनगरात आणि मग शिरोली एमआयडीसीत मिळून सतरा वर्षं मी फौंड्रीत मजुरी घेतली होती. पेपर तपासणाऱ्यानं किती वर्षं घेतली होती मला ठाऊक नाही. पण उत्तर त्याला येतं आणि मला येत नाही, असा निकाल लागला.

मी काय लिहिलं होतं ते आधी सांगतो.

आमची सहा जणांची टोळी. काम ओतण्याचं. मी क्युपोलाच्या तोंडाशी, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीपाशी. भोकातनं आत बघायचं, रसाचा रंग ओळखायचा, आणि रंग आला की सळईनं तोंड फोडायचं. रस लाडलमध्ये पडायचा. लाडल म्हणजे लांब दांड्यांची लोखंडी बादली, आतनं मातीनं लिंपलेली. चौघं ती उचलणार. पुढच्या दांड्याला इलाहीचाचा, टोळीचा म्होरक्या. सहावा रसावरची मळी मागं ओढत बरोबर चालणार. ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील ओतायचं तर धार एकसारखी पाहिजे. मध्ये तुटली की लोखंडात सांधा राहतो, आणि असं चाक एक दिवस फिरता फिरता फुटून कुणाच्या तरी छातीत बसतं. म्हणून आमच्यात अर्धं काम नसतं. सहा जण असले तर कास्टिंग, एक चुकला तर भंगार.

पैसे कास्टिंगच्या वजनावर, सगळ्या टोळीला एकत्र. शनिवारी इलाहीचाचा ते घ्यायचा आणि वाळूच्या ढिगावर टॉवेल अंथरून सात वाटे करायचा. माणसं सहा, वाटे सात. सातवा वाटा जळक्याचा. टोळीतला जो भाजून घरी पडला असेल त्याच्या घरी तो जायचा, तो पुन्हा उभा राहीपर्यंत. त्याच्या जागी आम्ही बदली घ्यायचो, म्हणून माणसं कायम सहाच. हा नियम कुणी घातला कुणाला माहीत नाही. चाचा म्हणायचा, त्याच्या उस्तादाच्याही आधीचा आहे. त्यात दानधर्म काही नव्हता. जळायची पाळी प्रत्येकावर येणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

अठ्ठ्याहत्तर साली सातवा वाटा ज्ञानूचा होता. फेब्रुवारीत ओल्या साच्यात रस पडला, उसळला, आणि पायाला गुंडाळलेल्या गोणपाटाच्या आत शिरला. उजव्या पायाची तीन बोटं गेली आणि टाच उघडी पडली. त्याची बायको धोंडुबाई दर शनिवारी फाटकाशी यायची आणि चाचा तिच्या पदरात वाटा टाकायचा. तिनं कधी हात जोडले नाहीत, कुणी जोडून घेतले नाहीत.

हे सगळं मी पेपरात चार पानं लिहिलं. मजुरी आमच्यात अशी ठरते, म्हणून. त्याला एकतीस.

आता डोळ्यांचं. रंग बघायला कंपनीनं निळी काच दिली होती. पण काचेतनं रंग कळत नाही. म्हणजे कळतो, पण लोखंड तयार झाल्यावर जी एक पांढरट पिवळी झाक मारते ती निसटते, आणि रस थंड उतरला तर दोष टोळीचा. म्हणून आम्ही तोंडावरची माणसं काच खिशात ठेवतो आणि उघड्या डोळ्यानं बघतो. जो काच लावतो तो कच्चा, असं आमच्यात समजतात. मी पक्का होतो. चौतिसाव्या वर्षी मला रस्त्यावरच्या दिव्याभोवती धुरकट कडी दिसायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाच-सहा भिंगं फिरवून बघितली.

"मोतीबिंदूचा पडदा धरतोय दोन्हीकडं. ऑपरेशन करू. पण भट्टीपुढं परत उभा राहणार असलास तर माझा वेळ घेऊ नकोस. वर्षाच्या आत भट्टी सोड."

मालक अण्णासो जयसिंगपूरचा. माणूस वाईट नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगतो. म्हणाला, "टाइमकीपरची जागा काढतोय. तुला द्यायला माझी ना न्हाई. पर ग्रॅज्युएट पायजे. न्हाईतर उद्या समदीच टोळी ऑफिसात येऊन बसंल."

सकाळच्या कॉलेजातनं मी आधीपासनंच बी.ए. करत होतो, बाकीचे सगळे पेपर सुटले होते. हा एकच अडकला होता. त्यात विद्यापीठानं जुना अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबरची संधी शेवटची. ती चुकली तर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. डोळे तेवढे थांबणार नव्हते.

आमचं कॉलेज सकाळचं, साडेसहा ते नऊ, नोकरी करणाऱ्यांसाठी. मार्केट यार्डातले दिवाणजी, एस.टी.चे कंडक्टर, दोन नर्सबाया, मलकापूरचा एक पोस्टमन, आणि मी. शिकवायला हेर्लेकर सर. दर वर्षी जूनमध्ये घेतलेले आणि एप्रिलमध्ये सोडून दिलेले, असे तात्पुरते. फळ्यावर त्यांनी एक उतरती रेघ काढली आणि सांगितलं, "मजुरांची संख्या एकानं वाढवली की उत्पादनात जी भर पडते, तेवढी शेवटच्या मजुराची मजुरी. सगळे मजूर सारखे, म्हणून सगळ्यांना तेवढीच."

मी उठलो. "सर, आमच्यातला शेवटचा कोण?"

"तूच की. दोनदा राहिलायस," मागनं कंडक्टर म्हणाला. वर्ग हसला.

"तसं न्हवं सर. चौघांनी लाडल धरलाय. त्यातला एक काढला तर काय हुतंय?"

"उत्पादन घटतं."

"घटत न्हाय. पायावर पडतंय."

सर पण हसले. मी बसलो नाही. "म्हंजे कुठलाबी एक काढा, समदंच जातंय. मग प्रत्येकाची भर म्हंजे अख्खं फ्लायव्हील. चौघांची चार. चाक तर एकच हाय. मग ह्या रेघेवर आमचं नाव कुठं घालायचं?"

सरांनी खडू ठेवला. हाताला लागलेली पूड बघत राहिले. "कृष्णातराव, प्रश्न खरा आहे. पण तो परीक्षेला नाही."

तास संपल्यावर मी त्यांच्या मागं स्टाफरूममध्ये गेलो. दुसरं कुणी नव्हतं. सरांनी दार लोटलं आणि बोलायला लागले, ते वर्गात कधी बोलले नव्हते तसं. म्हणाले, तुम्ही विचारता ते लोक दोनशे वर्षं विचारतायत. एकजण म्हणतो, मजूर उद्या पुन्हा कामावर येईल एवढं खाणं म्हणजे मजुरी. दुसरा म्हणतो, मजुरानं केलेल्यातलं मालक ठेवून घेतो आणि उरतं ती मजुरी. तिसरा म्हणतो, जे चालत आलंय ते, रूढी. चौथा म्हणतो, संपात आधी कुणाची चूल विझते त्यावर सगळं ठरतं.

"ह्यातलं खरं कुठलं?"

"कुठं खरं, असं विचारायचं. गुळाच्या अड्ड्यावर एक लागू पडेल, सूतगिरणीत दुसरं. तुमच्या टोळीला तर दोन-तीन मिळून लागतील."

"मग आमाला हे शिकवत का न्हाईसा?"

"कारण मलाही एकच शिकवलं. बाकीचं मी घरी वाचलं, ते सुद्धा नोकरी लागल्यावर. पेपर दुसऱ्या गावात तपासतात. तपासणाऱ्यापुढं नमुना उत्तर असतं, तो मुद्दे मोजतो. मी चार विचार शिकवीन, तुम्ही चार लिहाल आणि अडतीस जण नापास व्हाल. मग पुढच्या जूनला मी इथं नसेन." आणि म्हणाले, "डोळे वाचवा आधी. गाइडातलं लिहा."

त्यांच्यावर मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. फार आला. अजून येतो. दवाखान्यातला डॉक्टर एका डोळ्यासाठी अर्धा डझन भिंगं फिरवतो, आणि हे एवढ्या देशाच्या पोटापाण्याकडं एकाच भिंगातनं बघतात, आणि ज्याला त्यातनं दिसत नाही त्याला आंधळा ठरवतात. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तो माणूस विलायतेला जाऊन रुपयाच्या प्रश्नावर शिकला, अर्थशास्त्राची मोठी पदवी घेऊन आला. अडीचशे पानांच्या आमच्या गाइडात त्याचं नाव मी दोन वेळा शोधलं. नव्हतं. शाहूपुरीच्या पेठा कुणी वसवल्या, गुळाचा बाजार इथं कसा जमला, त्याचं अक्षर नव्हतं. एका बेटावर राहणाऱ्या माणसाची मात्र गोष्ट होती, तो नारळ किती आणि मासे किती घेईल याची. तो माणूस एकटा होता. त्याला शेजारी नव्हता, बायको नव्हती, त्याचा पाय भाजला तर बघायला कुणी नव्हतं. अशा माणसावरनं आम्हाला आमचा हिशेब शिकवला.

पण डोळे माझे होते. सप्टेंबरात मी गाइड पाठ करायला घेतलं.

बारीक अक्षर मला लागत नव्हतं. माझी बायको सोनूबाई चौथी शिकलेली. मला दुपारपाळी नसेल तेव्हा ती चुलीपुढं बसून वाचायची, मी मागनं म्हणायचो. एका हातानं भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हातातलं पुस्तक धुरापासनं लांब धरायची.

"अवो, सीमांत म्हंजे काय?"

"शेवटचा."

"शेवटचा म्हंजे कोण? आपला ज्ञानू?"

"पाठ करायचं असतंय. इचारायचं नसतंय."

तिनं पुढची ओळ वाचली. मी म्हटली.

ऑक्टोबरात प्रश्न आला: मजुरीच्या सीमांत उत्पादकता सिद्धांताचे टीकात्मक परीक्षण करा. टीकात्मक हा शब्द बघून पहिल्यांदा मला वाटलं, आता लिहावं. मग आठवलं की टीकाही गाइडात दिलेली होती. पाच मुद्दे, प्रत्येकाला आकडा घातलेला. भांडायचं ते सुद्धा त्यांनी नेमून दिलेल्या पाच जागी. मी पाच लिहिले. टोळी, टॉवेल, ज्ञानू, कशाचंही नाव घेतलं नाही. पुरवणी घेतली नाही. अर्धा तास आधी उठलो.

अठ्ठावन्न पडले. हेर्लेकर सरांनी पेढा खाल्ला आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

जानेवारीत मी ऑफिसात बसलो, तोंडावर माझ्या जागी दुसरा माणूस आला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड चष्मा लागला, पण अक्षर दिसायला लागलं. सोनूबाईनं घरात गोडाचं केलं. महिनाभर मी हजेऱ्या लिहिल्या आणि मला वाटलं, सुटलो.

मग पुण्याहून एक साहेब आला. अण्णासोनं त्याला फौंड्रीचा खर्च बघायला बोलावला होता. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तो तीन दिवस ओतकामाशी उभा राहिला. चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं, टोळीला एकत्र पैसे देणं ही जुनी पद्धत, यात चांगला माणूस आळशाला पोसतो. प्रत्येकाचं काम वेगळं मोजा, प्रत्येकाला वेगळा दर लावा. पुढचा दांडा पहिली श्रेणी, मागचा दांडा दुसरी, मळी ओढणारा तिसरी. अण्णासोला पटलं. साहेबासमोरच तो मला म्हणाला, "तू बी.ए. हैस, अर्थशास्त्र घेतलंयस, टोळीतला हैस. कामगारांना समजंल असं मराठीत लिवून काढ, आणि तूच वाचून दाखव."

मी एका बैठकीत लिहिलं. फार सोपं गेलं. प्रत्येक कामगार उत्पादनात जी भर घालतो, तिच्या प्रमाणात त्याला मोबदला मिळणे न्याय्य आहे. असली वाक्यं चुलीपुढं बसून घोकलेली होती, हात आपोआप चालला. लिहिताना मला माहीत होतं की हे खोटं आहे. लाडल उचललेल्या चौघांचं काम वेगळं मोजता येत नाही, हे त्या पुण्याच्या साहेबाला सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी सांगितलं नाही. टाइमकीपरची जागा सहा महिन्यांच्या बोलीवर होती आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगापाशी उभं राहून मी कागद वाचला. माणसं डबे सोडून ऐकत बसली.

इलाहीचाचा म्हणाला, "ह्यात ज्ञानूचं काय?"

"तो कामावर न्हाय, चाचा. म्हणून ह्यात येत न्हाय."

"न्हाय ते मला दिसतंय की. डोळं तुझं गेलतं, माझं न्हाय."

दोघं-तिघं हसले. चाचा हसला नाही.

"धार कशी धरत्यात ते त्या साहेबाला सांगितलंस?"

"त्येनं इचारलं न्हाय."

"तुला येत हुतं का न्हवतं?"

मी कागदाची घडी घातली. पुढच्या दांड्याचा दुसरा माणूस मौलाली, तरणा होता, नुकतं लग्न झालेलं. तो म्हणाला, "चाचा, कागद काय चुकीचा न्हाय. उष्णता पुढच्याला लागती. मागच्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळाले तर काय वाईट?"

चाचानं त्याच्याकडं बघितलं. "तुझ्या मागं जो धरतोय, त्यो सुटला तर पुढं उभा राहून दाव मला."

"राग का धरतासा? मी आपलं बोललो."

तिथंच फाटलं. पहिल्या दोन शनिवारी चाचानं टॉवेल अंथरला आणि ज्यानं त्यानं ऑफिसातनं मिळालेल्या आपल्या पैशातनं ज्ञानूसाठी मर्जीनं टाकलं. तिसऱ्या शनिवारी मौलालीनं विचारलं, पहिल्या श्रेणीनं किती टाकायचं आणि तिसरीनं किती, ते आधी ठरवा. त्यावरनं वाद. मागच्या दांड्याचे दोघं म्हणाले, आम्ही दुसऱ्या श्रेणीचे, आमची भर कमी, तर आमचा वाटाही कमी. मळी ओढणाऱ्यानं काहीच टाकलं नाही. महिनाभरात चाचानं टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि पुन्हा सोडला नाही.

लोक मला सांगतात, बघ, पुस्तकात होतं तेच खरं निघालं. जो तो स्वतःपुरतं बघतो. मी त्यांना एवढंच सांगतो की मी तिथं होतो. आधी असं नव्हतं. पुस्तकानं आमच्याविषयी खोटं लिहिलं होतं, आणि ते आमच्यावर लागू करून करून आम्ही ते खरं केलं. त्यातला कागद माझ्या हातचा आहे.

मार्चमध्ये धोंडुबाई ऑफिसच्या खिडकीशी आली. फाटकावर तिला कुणीतरी सांगितलं होतं की आता पैसे आत मिळतात.

"दादा, ज्ञानोबाचं नाव बगा की."

मी रजिस्टर उघडलं. बघायला काही नव्हतं, पण उघडलं. "न्हाय वैनी. जो कामावर हाय त्येचंच नाव असतंय ह्यात."

"मग जे कामावर जळलं त्येचं कुठं असतंय?"

माझ्यामागं अण्णासोचा अकाउंटंट बसला होता. मी म्हणालो, विचारून सांगतो. ती म्हणाली, "बरं, इचारा." अर्धा तास पायरीवर बसली आणि उठून गेली. मी खिशातले दहा रुपये तिला द्यायला रस्त्यापर्यंत गेलो. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "तुमचं कशाला? तुमच्याकडं आमचं काय न्हाय." पुढं ज्ञानूनं खोली सोडली. टाच भरली नव्हती. सासुरवाडीला गेला असं ऐकलं, कुठलं गाव ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये हेर्लेकर सरांनी निरोप धाडला. त्यांना त्या वर्षीही घेतलं होतं. म्हणाले, अभ्यासक्रम बदलला तरी मजुरीचा प्रश्न तोच आहे, नवा वर्ग घाबरलाय, दोनदा राहून पास झालेला माणूस त्यांना दिसू दे, दहा मिनिटं बोला.

मी गेलो, पण त्यासाठी गेलो नाही. मनात धरून गेलो होतो की सरांनी दार लोटून मला जे सांगितलं ते मी दार उघडं ठेवून सांगणार. मला कुणी एप्रिलमध्ये काढून टाकणार नव्हतं. चाळीसेक माणसं होती. पुढच्या बाकावर एक नर्स, तिच्या शेजारी कुठल्याशा फौंड्रीतलाच एक तरणा कामगार, नखात काळी वाळू. मी फळ्यावर रेघ काढली नाही. मजुरी कशी ठरते यावर माणसांनी किती तऱ्हांनी विचार केलाय, ते एकेक सांगायला लागलो. आमची टोळी सांगितली, सात वाटे सांगितले. मी लिहिलेला कागद सांगितला, त्यानं काय झालं तेही. सर खिडकीतनं बाहेर बघत उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही.

सुरुवातीला सगळे लिहून घेत होते. मग तो तरणा कामगार हात वर करून उभा राहिला.

"सर, ह्यातलं परीक्षेला काय काय येतंय?"

मला सर म्हणणारा तो पहिला माणूस. मी म्हणालो, "ह्यातलं कायच येत न्हाय."

पेनांना टोपणं बसली. एकदम नाही, एकेक करत, आदर राखून. नर्सनं घड्याळ बघितलं, तिची ड्युटी नऊची असणार. तो तरणा तसाच उभा. बाकाच्या कडेला हात टेकून तो मला न्याहाळत होता, आणि जाड चष्म्यामागनं मलाही तो नीट दिसला. त्याचे डोळे लाल होते, कडांना सुजलेले. कुठल्या जागेवर काम करतोस, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

"राग मानू नगासा," तो म्हणाला. "पर तुमी कसं सुटलासा, तेवढं सांगा."

मी सरांकडं बघितलं. सर अजून खिडकीतच.

मी त्यांना गाइडाचं नाव सांगितलं, प्रकरण सांगितलं, कुठला परिच्छेद शब्दाला शब्द पाठ करायचा ते सांगितलं. सगळे माना खाली घालून लिहायला लागले.